घरीं जाणारी परिचारिका आणि अपंग माणूस

इस्पितळांतील परिचारिका आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. पांढरा पोशाख, हातांत औषधांचें तबक आणि चेहऱ्यावर थोडीशी घाई, असें तिचें चित्र लहान मूलही काढून दाखवील. परंतु परिचारिकांचा दुसरा एक वर्ग आहे. त्याजकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं. खांद्यास पिशवी अडकवून, एस्टीनें किंवा पायीं, वाडीवस्तीवर जाणारी, आणि रोगी येईल याची वाट न पाहतां आपण होऊन त्याच्या उंबऱ्याशीं उभी राहणारी परिचारिका ती ही. खेड्यांत हिला ‘नर्सबाई’ म्हणतात. लस टोचणारी व बाळंतिणीची नोंद घेणारी बाई, एवढीच तिची ओळख लोकांस असते. माझें म्हणणें असें आहे कीं, अपंग माणसाच्या दृष्टीनें हिच्याइतकें उपयोगी मनुष्य सबंध आरोग्यखात्यांत दुसरें नाहीं; आणि असें असूनही अपंगांची शुश्रूषा हें तिच्या कामाचें एक मुख्य अंग आहे, असें आज फारसें कोणी धरीत नाहीं. हें मत मीं पुस्तकें वाचून बनविलेलें नाहीं. तें मला एका विद्यार्थ्यापासून, आणि खरें सांगावयाचें तर माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून मिळालें.

तेव्हां मी दुसऱ्या एका शाळेंत पांचवीच्या वर्गाचा वर्गशिक्षक होतों. जून महिन्यांत वर्गांत एक नवा मुलगा आला. जन्मतःच त्याच्या पाठीच्या कण्याचा खालचा भाग नीट मिटलेला नव्हता. या व्यंगास डॉक्टर लोक ‘स्पायना बिफिडा’ म्हणतात. लहानपणींच शस्त्रक्रिया झालेली होती. पायांत शक्ति बेताची, कुबड्यांच्या आधारानें चाले; परंतु तोंडी हिशेबांत सबंध वर्गास मागें टाकी. खरी अडचण पायांची नव्हतीच. मज्जातंतूंचें काम बिघडल्यामुळें त्यास लघवी लागल्याचें कळत नसे, व तिजवर ताबा राहत नसे. मधल्या सुटीपर्यंत त्याची चड्डी भिजलेली असे. बाकावर त्याच्या शेजारीं बसण्यास मुलें नाखूष असत. दोन पालकांनीं तक्रार केली. मीं त्याच्या आईस बोलावून घेतलें, व आवाज शक्य तितका मऊ ठेवून सांगितलें, “बाई, याला थोडे दिवस घरींच ठेवा. अभ्यास मी पाठवून देईन.” ती माउली कांहींच बोलली नाहीं. तिनें त्याचें दप्तर उचललें व दोघें निघून गेलीं. अभ्यास मीं दोनदां पाठविला; तिसऱ्यांदां विसरलों.

दिवाळीची सुटी संपल्यावर एके सकाळीं तो मुलगा पुन्हां वर्गाच्या दारांत उभा राहिला. कपडे कोरडे. बरोबर आई, आणि आईच्या मागें त्यांच्या गांवच्या उपकेंद्रावरील नर्सबाई. नर्सबाईनें प्रस्तावना केली नाहीं. “गुरुजी, याला दर तीन तासांनीं दहा मिनिटें सुटी द्या, आणि आंतून कडी लागेल असा एक संडास द्या. बाकीचें सगळें तो स्वतः करतो,” एवढेंच ती म्हणाली.

प्रकार असा झाला होता. मुलाच्या धाकट्या बहिणीस लस द्यावयाची राहिली होती, म्हणून नर्सबाई त्यांच्या घरीं गेली. ओट्यावर वाळत घातलेल्या गोधड्या व चड्ड्या तिनें पाहिल्या, आणि विचारलें. एवढ्या वर्षांत हें कोणी विचारलें नव्हतें. तिनें त्यास जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांकडे धाडलें. डॉक्टरांनीं तपासून, बारीक नळी घालून ठरलेल्या वेळीं मूत्राशय रिकामें करण्याची रीत सांगितली. ही रीत आजची नव्हे. अमेरिकेंत मिशिगन येथील डॉ. जॅक लॅपिडीस यांनीं ती १९७२ सालीं प्रसिद्ध केली. नळी निर्जंतुक असण्यापेक्षां ती स्वच्छ असणें व वेळच्या वेळीं घातली जाणें हें अधिक महत्त्वाचें, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि यामुळेंच ती घरीं, साध्या साबणपाण्यानें, रोग्यास स्वतः करतां येण्याजोगी झाली. मूत्राशय तुंबून राहिलें तर मूत्र उलट वर मूत्रपिंडांकडे ढकललें जातें, व कांहीं वर्षांत तीं मूत्रपिंडें कायमचीं निकामी होऊं शकतात. म्हणजे ज्यास मीं नुसती अस्वच्छता समजून घरीं पाठविलें, तो त्या मुलाच्या जिवावरचा धोका होता!

डॉक्टरांनीं रीत सांगितली ती एका सकाळीं. ती शिकविली नर्सबाईनें, आणि त्यास सहा आठवडे लागले. हात कसे धुवावे, नळी धुऊन कोरड्या डब्यांत कशी ठेवावी, घड्याळाकडे लक्ष कसें ठेवावें, लघवी गढूळ झाली किंवा अंगांत ताप आला तर काय समजावें. आठवड्यांतून दोनदां ती त्यांच्या न्हाणींत उकिडवी बसे, व आधीं आईकडून आणि मग मुलाकडून करून घेई. मुलगा प्रथम रडे. ती उठून जात नसे, आणि रागेंही भरत नसे. “आज नको तर परवां. पण परवां मी येणार,” असें म्हणे, आणि येई. हें सर्व लिहावयास तिच्या कोणत्याही रजिस्टरांत रकाना नव्हता. ज्या भेटी तिच्या हातून त्या वर्षीं सर्वांत मोलाच्या झाल्या, त्या सरकारी हिशेबीं झाल्याच नाहींत.

येथें कोणी म्हणेल कीं, ही एका चांगल्या बाईची गोष्ट झाली. तिजवरून सर्वसाधारण नियम कसा काढावा? शंका रास्त आहे. म्हणून थोडें खोलांत जाऊन पाहूं.

अपंग माणसाचें आयुष्य जें खचतें, तें पुष्कळदां मूळच्या व्यंगानें नव्हे; व्यंगाच्या पाठोपाठ येणाऱ्या गोष्टींनीं खचतें. पाठीचा कणा मोडलेला मनुष्य कणा मोडल्यामुळें मरत नाहीं. तो शय्याव्रणांनीं किंवा मूत्रमार्गाच्या जंतुदोषानें मरतो. एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहिल्यानें माकडहाडापाशीं, नितंबांवर, टांचांवर कातडी प्रथम लाल होते, मग काळवंडते, मग फुटते. आणि एकदां फुटली म्हणजे भरून येण्यास महिने लागतात. बिछान्यावरील रोग्याची कूस साधारणपणें दर दोन तासांनीं बदलावी व कातडी रोज डोळ्यांनीं पाहावी, एवढें घरांत कोणास शिकविलें असतें तर हें बहुतेक टळलें असतें. पक्षघातानें लुळा पडलेला हात रोज हलविला नाहीं तर सांधा आखडतो, आणि मग त्या हातांत सदरा घालणें ही एक लढाई होऊन बसते. मेंदूच्या पक्षघाताच्या मुलास आडवें निजवून भरविलें तर घांस श्वासनळींत जाण्याची भीति. फिट्‌सचें औषध संपलें, गांवांत मिळालें नाहीं, म्हणून चार दिवस बंद ठेवलें, आणि पांचव्या दिवशीं मुलगी चुलीवर पडली, हेंही आपल्याकडे होतें. यांपैकीं कोणती गोष्ट इस्पितळांत घडते? एकही नाहीं. सर्व घरीं घडतात. आणि त्या वेळीं डॉक्टर तीस कोसांवर असतो.

कुष्ठरोगाचेंच उदाहरण घ्या. फार वर्षें लोक असें समजत कीं, या रोगानें बोटें झडून पडतात. वेल्लोर येथें १९४६ सालीं आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, बोटें आपोआप झडत नाहींत. बधिर झालेल्या हातास भाजलेलें, कापलेलें, घासलेलें कळत नाहीं, म्हणून त्यांची नासाडी होते. झोपेंत उंदीर बोट कुरतडी तरी रोग्यास जाग येत नसे. आज औषधोपचारानें जंतु मरतात, रोग बरा होतो. परंतु गेलेली संवेदना बहुधा परत येत नाहीं. म्हणून बरा झालेला मनुष्यही जन्मभर आपल्या पायांचा पहारेकरी होऊन राहिला पाहिजे. रोज तळवे पाहणें, पाण्यांत भिजविणें, जाड कातडी हळू घासून काढणें, तेल लावणें, मऊ रबराच्या तळाची चप्पल वापरणें, ही सवय गोळीसारखी पुडींत बांधून देतां येत नाहीं. ती कोणी तरी शेजारीं बसून लावावी लागते. २०१६ च्या अपंगहक्क कायद्यानें ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांस मान्यता दिली, त्यांत कुष्ठरोगमुक्त माणसेंही आहेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारण रोग संपला म्हणून काळजी संपत नाहीं, हें त्यांत कबूल केलेलें आहे.

(या कायद्यानंतर सरकारदरबारीं ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द मानाचा आहे व माझें त्याशीं भांडण नाहीं. मी जुना शब्द वापरतों तो संवयीनें. मात्र नव्या शब्दानें कोणाचा बिछाना कोरडा होत नाहीं, एवढें आपण ध्यानांत ठेवावें.)

घरीं जाणाऱ्या परिचारिकेची कल्पना कोठून निघाली, हें विद्यार्थ्यांस सांगण्यासारखें आहे. इंग्लंडांत लिव्हरपूल शहरीं विल्यम रॅथबोन नांवाचे एक व्यापारी होते. १८५९ सालीं त्यांच्या पत्नीचें निधन झालें. तिच्या आजारांत मेरी रॉबिन्सन नांवाच्या परिचारिकेनें तिची सेवा केली होती. आपल्यासारख्या श्रीमंताच्या घरींही या बाईमुळें एवढें सुख झालें, तर गरिबांच्या घरीं काय होईल, असा विचार करून रॅथबोन यांनीं तिला तीन महिन्यांसाठीं गरीब वस्तींत घरोघर जाण्याच्या कामावर नेमलें. एक महिना झाला नाहीं तोंच ती रडत परत आली. एवढें दैन्य मला पाहवत नाहीं, मला मोकळें करा, म्हणूं लागली. रॅथबोन यांनीं तिला धीर देऊन पुन्हां पाठविलें. आणि तीन महिने संपल्यावर तीच तें काम सोडावयास तयार होईना. मला या गोष्टींतील तो रडण्याचा भाग विशेष आवडतो. इतिहासाच्या पुस्तकांत सेवा करणाऱ्या बाया पहिल्या दिवसापासून हंसतमुख असतात. खऱ्या बायांचें तसें नसतें.

आपल्या देशांत याचे प्रयोग झाले नाहींत असें नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं काम सुरू केलें. गांवांतीलच स्त्रिया, त्यांत पुष्कळशा निरक्षर, निवडून त्यांस शिकविलें, व त्यांच्या पाठीशीं परिचारिका व डॉक्टर यांचें पथक ठेवलें. तेथें पाय गमावलेल्यांसाठीं कृत्रिम पायही स्थानिक कारागिरांच्या हातून तयार होऊं लागले. केरळांत कोळिकोड येथें १९९३ सालीं दुर्धर रोग्यांच्या वेदना कमी करणारी एक संस्था निघाली. काम सुरू झालें प्रामुख्यानें कर्करोग्यांसाठीं; परंतु घरोघर जाऊं लागल्यावर वर्षानुवर्षें बिछान्यास खिळलेले, कंबरेखालीं लुळे, कोणी न पाहिलेले लोक दिसूं लागले. पुढें २००८ सालीं त्या राज्यानें याविषयीं धोरण ठरविलें, आणि आज तेथील पंचायती स्वतः परिचारिका नेमून तिला घरोघर पाठवितात. ती जखम बांधते, नळी बदलते, घरच्यांस शिकविते, आणि थोडा वेळ नुसती बसतेही. ग्रामपंचायतीच्या जमाखर्चांत रस्ता, गटार, दिवाबत्ती यांच्या जोडीस परिचारिका बसते, ही गोष्ट आपल्या गांवच्या कारभाऱ्यांस अजून नवलाची वाटेल.

आतां आकडे पाहूं. २०११ च्या शिरगणतींत देशांत २ कोटी ६८ लाख माणसें अपंग म्हणून नोंदलीं गेलीं. म्हणजे शेंकडा सव्वादोनच्या आंतबाहेर. त्यांत शेंकडा ६९ खेड्यांत राहणारीं. सपाटीवरील एका उपकेंद्राकडे सुमारें ५,००० वस्ती असावी असा सरकारी दंडक आहे. सरासरीनें हिशेब केला तर एका नर्सबाईच्या वांट्यास अशीं शंभर-सव्वाशें माणसें येतात. हीं सर्वच आजारी नव्हेत. आंधळ्या माणसास परिचारिका लागत नाहीं, काम लागतें. बहिऱ्या मुलीस शाळा लागते. समजा, शंभरांतील पंधरांनाच नियमित भेट हवी आहे. दर कामाच्या दिवशीं एक घर, एवढ्यानें महिन्यांतून एकदां सर्वांची पाळी येते. हें अशक्य आहे काय?

नर्सबायाच म्हणतील, अशक्य आहे! आणि त्यांचें म्हणणें मला सोडून देतां येत नाहीं. गरोदर बायांची तपासणी, लसीकरण, साथीचे रोग, क्षयरोग्यांचीं औषधें, आणि या सर्वांचें लिखाण, आधीं वहींत व मग मोबाईलवर. कित्येक ठिकाणीं परिचारिका कंत्राटावर नेमलेली. पुढच्या वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं हें तिला ठाऊक नाहीं. अशा बाईवर आणखी एक काम लादून तिला ‘त्यागमूर्ति’ म्हणणें हा लबाडीचा व्यवहार होय. अपंगांच्या भेटी हें काम म्हणून मान्य करावयाचें असेल, तर त्यासाठीं वेळ नेमून द्यावा, त्याचें शिक्षण द्यावें, प्रवासखर्च द्यावा, आणि रजिस्टरांत तो रकाना घालावा. रकान्याची मीं मघांशीं थट्टा केली. परंतु जें मोजलें जात नाहीं तें वरिष्ठांस दिसत नाहीं, हें आम्ही शिक्षक चांगलें जाणतों.

दुसरे म्हणतात, हें काम ‘आशा’ कार्यकर्तीनें करावें. २००५ सालापासून गांवोगांवीं ‘आशा’ नेमल्या गेल्या, व त्यांनीं पुष्कळ केलें, हें निर्विवाद. कोणत्या घरांत कोण बिछान्यावर आहे हें तीच प्रथम सांगूं शकते. परंतु नळी बदलणें, व्रण किती खोल गेला हें ओळखणें, कोणास आजच्या आज इस्पितळांत हलविलें पाहिजे हें ठरविणें, हें शिकलेल्या हाताचें काम आहे. ‘आशा’ ही डोळे आहे. हात परिचारिकेचा हवा.

तिसरा आक्षेप घरांतूनच येतो. “आमचें माणूस आम्ही पाहूं, बाहेरची बाई कशाला?” यांत प्रेम आहे व अभिमानही आहे. मात्र ‘आम्ही’ म्हणजे कोण, हें विचारून पाहावें. बहुतेक घरांत त्याचा अर्थ आई, सून किंवा शाळा सोडलेली बहीण असा निघतो. मोठ्या पुरुषास रोज उचलून उचलून जिची कंबर गेली अशी एक बाई माझ्या माहितीची आहे. चादर खालीं घालून वळवावें, उचलूं नये, हें तिला अकरा वर्षांत कोणी सांगितलें नव्हतें. नर्सबाई घरच्यांचें काम काढून घेत नाहीं. तें काम माणसाच्या ताकदीचें करून देते.

दोष दिसतात तेही सांगितले पाहिजेत, नाहीं तर हा लेख स्तुतिपाठ होईल. कांहीं परिचारिका अपंग माणसाशीं न बोलतां त्याच्या डोक्यावरून नातेवाइकांशीं बोलतात. बहिऱ्या बाईस ओरडून सूचना देतात, आणि ती हंसली म्हणजे समजली असें धरतात. एका पोलिओ झालेल्या गरोदर बाईस, “तुला कशाला हवें होतें हें लोढणें?” असें दवाखान्यांत सर्वांदेखत विचारलेलें मीं स्वतः ऐकलें आहे. २०१६ च्या कायद्यानें मूल हवें कीं नको हें ठरविण्याचा हक्क त्या बाईचाच मानला आहे. पण कायदा त्या दवाखान्याच्या बाकापर्यंत पोंचला नव्हता. डॉ. मेरी वर्गीस १९५४ च्या मोटार अपघातांत कंबरेखालीं लुळ्या झाल्या, आणि तरीही वेल्लोरला चाकाच्या खुर्चींत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करीत. परिचर्येच्या प्रत्येक वर्गांत हें शिकवावें. म्हणजे समोर बसलेला अपंग मनुष्य कदाचित् आपल्यापेक्षां अधिक जाणता असेल, ही शंका तरी मनांत राहील.

आणि अपंगांस साहित्य वाटण्याच्या समारंभांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. मंडप, हार, रांगेंत मांडलेल्या चाकाच्या खुर्च्या, एकाच मापाच्या! पायाची फळी लोंबकळते, बसावयास उशी नाहीं, आणि बधिर नितंबांवर महिन्याभरांत व्रण. पुढें ती खुर्ची गोठ्यांत जाते व तिजवर कडब्याच्या पेंढ्या ठेवतात. खुर्ची वाईट नव्हे. परंतु ती दिल्यावर पंधरा दिवसांनीं कोणी तरी घरीं जाऊन, माणूस तिजवर कसा बसला आहे हें पाहिलें पाहिजे. त्या भेटीचा फोटो कोणी काढीत नाहीं.

एके काळीं आपल्या प्रांतांत परिचर्येचें काम हलकें समजलें जाई, व तें शिकावयास ज्या मुली पुढें येत, त्यांत मिशनच्या शाळांतून शिकलेल्या ख्रिस्ती मुलींचा भरणा मोठा असे. आतां तसें राहिलें नाहीं. सर्व समाजांतील मुली, व मुलगेही, हा अभ्यास करतात, आणि पुष्कळांची दृष्टि परदेशांतील पगाराकडे असते. त्यांस मी नांवें ठेवीत नाहीं. घरची गरज ज्याची त्यास ठाऊक. माझी तक्रार निराळी आहे. दहावीच्या मुलींना मीं विचारलें, तेव्हां ‘स्टाफ नर्स’ होणार असें सहा जणींनीं सांगितलें. वाडीवर जाणारी नर्सबाई होणार असें एकीनेंही नाहीं. त्यांच्या गांवीं ती येत नाहीं काय? येते. पण तिचें काम त्यांनीं कधीं पाहिलेलें नाहीं. दारांतून पाहिली ती फक्त तिची पिशवी.

माझा तो विद्यार्थी आतां तंत्रनिकेतनांत आहे. मधूनमधून फोन करतो. मीं त्यास घरीं पाठविलें होतें, ही गोष्ट त्यानें कधीं काढली नाहीं, मींच एकदां काढली, तर म्हणाला, “सर, तुम्हांला तरी कोणी सांगितलं होतं?” हें उत्तर मला अजून पुरेसें वाटत नाहीं.

या वर्षीं आमच्या आठवींत चाकाची खुर्ची वापरणारी एक मुलगी आहे. तिच्यासाठीं मागच्या इमारतींतील एका संडासाचा दरवाजा रुंद करून घेतला, आणि दर गुरुवारीं उपकेंद्राच्या नर्सबाई येऊन तिला भेटतात. त्यांच्यासाठीं ग्रंथालयाशेजारची खोली मोकळी ठेवलेली असते. त्या संडासाची किल्ली अद्याप कचेरींत खिळ्यास टांगलेली आहे, व मुलीस प्रत्येक वेळीं मागावी लागते. ती तिच्याच जवळ असावी, असें मीं मुख्याध्यापकांस लेखी कळविलें आहे.